कुपीमागचे जनावर

पेडणे तालुक्यात तुयेच्या इस्पितळात, तसेच डिचोली आणि साखळीच्या सरकारी आरोग्य केंद्रांत, सर्पदंशावरच्या औषधाची लहानशी काचेची कुपी असते. आत पांढरट भुकटी आणि सोबत १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी. नर्स ते पाणी कुपीत सोडते आणि कुपी तळहातांत हलकेच फिरवत राहते, कारण जोराने हलवली तर फेस होतो आणि औषध बिघडते. भुकटी विरघळायला काही मिनिटे लागतात. खाटेशेजारी उभ्या असलेल्या घरच्या माणसांना ती मिनिटे संपता संपत नाहीत. अशा ८ ते १० कुप्या सुरुवातीलाच सलाइनमधून जातात आणि गरज पडली तर पुन्हा तितक्याच.

कुपीच्या वेष्टनावर चार सापांची नावे आणि चार आकडे छापलेले असतात. १ मिलिलिटर औषध नागाचे ०.६ मिलिग्रॅम, घोणशीचे ०.६, मण्यारीचे ०.४५ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करते, असे ते आकडे सांगतात. नातेवाइकांपैकी कोणी ते वाचत नाही आणि त्या वेळी वाचण्याचे कारणही नसते. पण भुकटी घोड्याच्या रक्तातून आलेली आहे आणि ते चार आकडे उंदरांच्या मरणातून. प्राण्यांवरील वैद्यकीय प्रयोगांबद्दल लिहिताना मला याच कुपीपासून सुरुवात करावीशी वाटते. या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा परदेशातल्या प्रयोगशाळांबद्दल, पिंजऱ्यातल्या माकडांच्या छायाचित्रांबद्दल आणि ‘बाजूने की विरोधात’ अशा ठरलेल्या भांडणाबद्दल होते. आपल्या तालुक्यातल्या फडताळात ठेवलेल्या औषधाशी तिचा काही संबंध आहे, असे कुणाला वाटत नाही.

पेडणे आणि डिचोली हे गोव्याचे उत्तरेकडचे सीमेवरचे तालुके. तेरेखोलपलीकडे वेंगुर्ले-सावंतवाडी, डिचोलीपलीकडे दोडामार्ग. भाताचे मळे, कुळागरे, डोंगरावर काजू. फेब्रुवारी ते मे बोंडू गोळा करणाऱ्या बायका वाकून पातेऱ्यात हात घालतात, पावसाळ्यात शेतकरी गुडघाभर चिखलात उतरतो. साप, पिसाळलेला कुत्रा आणि अलीकडे माकडताप या तीन भयांशी इथल्या माणसाचे जगणे बांधलेले आहे. या तिन्हींवरचे उपाय जनावरांच्या शरीरातून आले आहेत. प्रत्येक वेळी मात्र जनावराकडून घेतलेली गोष्ट वेगळी होती आणि मिळालेले फळही वेगळे.

सर्पविषावरचा पहिला रक्तरस फ्रेंच डॉक्टर अल्बेर काल्मेतने १८९०च्या दशकात तयार केला. सायगावात असताना त्याने नागाच्या विषाचा अभ्यास केला होता. जनावराला विषाचे अगदी थोडे थोडे डोस दिले, हळूहळू वाढवले, की त्याच्या रक्तात त्या विषाला बांधून टाकणारी प्रतिद्रव्ये तयार होतात, आणि ते रक्त दुसऱ्याला वाचवते. काल्मेतचा समज असा होता की नागावरचे औषध सगळ्याच सापांना चालेल. ब्राझीलमधल्या व्हितल ब्राझील या डॉक्टरने ते खोडून काढले. नागाचा रक्तरस तिकडच्या खुळखुळ्या सापाच्या आणि जराराका सापाच्या विषापुढे चालत नाही, ज्या सापाचे विष त्याचाच रक्तरस लागतो, हे त्याने १९व्या आणि २०व्या शतकाच्या सांध्यावर साओ पावलोत दाखवून दिले. हे वाचकाने लक्षात ठेवावे, अशी माझी विनंती आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी जनावरांचे जीव खर्चून मिळवलेले हे ज्ञान आपण आजही पुरते वापरत नाही, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

आपल्या बाजूला हे काम मुंबईच्या परळला हाफकिन संस्थेत रुजले. ज्याच्या नावाची ही संस्था, तो शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन १८९६च्या प्लेगमध्ये मुंबईत आला, सशांवर लस तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांची पाळी आली. ते स्वेच्छेने पुढे आले अशी नोंद आहे. परक्या सरकारच्या तुरुंगातल्या माणसाच्या स्वेच्छेला कितपत स्वेच्छा म्हणायचे, हा प्रश्न मला सोडत नाही. जनावरांवरचे प्रयोग उद्यापासून बंद करा असे म्हणणाऱ्यांनी या कैद्यांचा विचार करावा. औषधाची पहिली जोखीम कुणीतरी उचलतेच. जनावराने ती उचलली नाही तर ती नेहमी दुबळ्या माणसाकडे सरकत आली आहे. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्गमध्ये जी संहिता लिहिली गेली, तिच्यात माणसावरचा प्रयोग जनावरांवरील प्रयोगांच्या निष्कर्षांवर आधारलेला असावा असे कलम आले ते याच अनुभवातून.

आता घोड्याकडे येऊ. पुण्याजवळ पिंपरीला हाफकिनची घोडेशाळा आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटची कहाणीही घोड्यांपासूनच सुरू होते, कारण तिच्या संस्थापक पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे हाफकिनला रक्तरसासाठी दिले जात. घोड्याच्या कातडीखाली विषाचा सूक्ष्म डोस टोचतात, सोबत प्रतिकारशक्ती चाळवणारे द्रव्य असते. टोचल्या जागी सूज येते, कधी गळू होते. आठवड्यांमागून आठवडे डोस वाढत जातो. रक्तात प्रतिद्रव्ये पुरेशी झाली की मानेच्या शिरेतून काही लिटर रक्त काढतात. चांगल्या ठिकाणी त्यातला द्रव वेगळा करून तांबड्या पेशी घोड्याला परत देतात, म्हणजे त्याला रक्तक्षय होत नाही. मग विश्रांती, मग पुन्हा तेच. हे वर्षानुवर्षे चालते. यात घोडा मरत नाही, पण मोकळ्या रानातल्या घोड्याचे जिणेही त्याच्या वाट्याला येत नाही.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक शेतात राबणारी, गावातली. ही संख्या समोर ठेवली की घोड्याच्या त्रासाचे समर्थन मला करता येते. मी ते करतोही, पण अटीवर. त्याची शाळा कोरडी आणि हवेशीर असावी, पेशी परत द्याव्यात, गळवाकडे कुणी वेळेवर पाहावे, आणि सेवा संपल्यावर त्याला कसायाकडे न पाठवता जगू द्यावे. आपण त्याच्याकडून घेतो त्या मानाने हे फार नाही.

उंदरांचा हिशेब याहून कठीण आहे. औषधाचा प्रत्येक गट बाजारात जाण्याआधी त्याची ताकद मोजावी लागते. ठरावीक विष आणि कमी-अधिक मात्रेतला रक्तरस नळीत एकत्र करतात, अर्धा तास शरीराच्या तापमानाला ठेवतात आणि ते मिश्रण १८-२० ग्रॅम वजनाच्या उंदरांना शेपटीच्या शिरेतून टोचतात. किती जगले आणि किती मेले हे मोजून निम्मे उंदीर वाचवणारी मात्रा काढतात. ज्यांच्या वाट्याला रक्तरस कमी येतो, त्यांना श्वास कोंडून किंवा आतल्या रक्तस्रावाने मरण येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेत या उंदरांना वेदनाशामक द्यावे आणि मरणाची वाट न पाहता ठरावीक लक्षणांवर प्रयोग थांबवावा, असा विचार मांडला आहे. तो सगळीकडे अमलात यावा.

या चाचणीत एक उणीव उघड दिसते. नळीत विष आणि औषध आधी एकमेकांना भेटतात आणि मग शरीरात जातात. मेणकुऱ्याच्या मळ्यात साप चावतो तेव्हा विष आधी जाते आणि औषध तासा-दोन तासांनी. म्हणून उंदीर सांगतो ते खरे असले तरी अर्धेच असते. तरीही आजघडीला हीच चाचणी आपल्याला खात्रीने वापरता येते. नळीतच प्रतिद्रव्यांची बांधण्याची ताकद मोजणाऱ्या पद्धती पुढे येत आहेत, आणि त्यांनी बहुतेक गट आधीच गाळले तर उंदरांची संख्या पुष्कळ कमी होईल.

मात्र मला सर्वांत अस्वस्थ करते ती गोष्ट उंदरांच्या संख्येपलीकडची आहे. भारतातल्या रक्तरसासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूत, चेन्नईजवळ, इरुळा समाजाच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सर्पपकड्यांच्या सहकारी संस्थेतून येते. ती संस्था मोलाचे काम करते. पण सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फरक मोजले आहेत. जाती बदलल्या, प्रांत बदलले, की बाजारातल्या रक्तरसाचा जोर कमी पडतो, असे त्यांना आढळले. म्हणजे तामिळनाडूच्या सापाचे विष, त्यावर तयार झालेला घोडा आणि त्याच विषाने पारखलेला उंदीर असे सगळे जुळते, वेष्टनावर चार आकडे बरोबर उमटतात, आणि कुपी अशा सापाशी झुंजायला येते ज्याचे विष त्या घोड्याने कधी पाहिलेले नाही.

सह्याद्रीच्या या पट्ट्यात तर वेष्टनावरच्या चौघांपलीकडचा एक साप आहे. इंग्रजीत त्याला हम्प-नोज्ड पिट व्हायपर म्हणतात. चापड्याच्या गोत्रातला, छोटा, तपकिरी, नाकाचे टोक वर उचललेले. पातेऱ्यात पडून राहिला की दिसत नाही. लोक, आणि पुष्कळदा डॉक्टरही, त्याला फुरसे समजतात. २००७ साली केरळातल्या रुग्णांवरून स्पष्ट झाले की याच्या दंशाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, मूत्रपिंडे निकामी होतात आणि माणसाच्या जिवावर बेतू शकते, शिवाय भारतीय रक्तरस त्याच्यावर उपयोगी पडत नाही. काजूच्या बागेत असा दंश झालेल्या माणसाला फुरसे समजून कुप्यांमागून कुप्या दिल्या, तर घोड्याचे रक्त वाया जाते, उंदरांचे मरण वाया जाते, आणि रुग्णाला परक्या प्रथिनांची तीव्र ॲलर्जी होण्याचा धोका विनाकारण सोसावा लागतो. प्राणिप्रयोगातली नीती आणि उपयुक्तता यांना दोन वेगळे विषय मानतात. मला ते मान्य नाही. चुकीच्या विषावर केलेली अचूक चाचणी विज्ञान म्हणून फसलेली असते आणि तेवढ्यानेच ती जनावरावरचा अन्यायही ठरते.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या बाबतीत गोष्ट जास्त आशेची आहे. पाश्चरने १८८५ साली सशांच्या मज्जारज्जूतून लस काढली. डेव्हिड सेंपलने कसौलीला १९११च्या सुमारास मेंढ्यांच्या मेंदूपासून केलेली लस आपल्याकडे जवळजवळ शतकभर चालली. कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने, ही धास्ती चाळिशीपुढच्या प्रत्येकाला आठवत असेल. त्या लसीसाठी मेंढ्यांना मुद्दाम रेबीज देत. शिवाय तिच्यातल्या मेंदूच्या अंशामुळे काही रुग्णांना लकवा होई. भारतात तिचे उत्पादन २००४च्या अखेरीस थांबले आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरच्या लसी आल्या. त्यातल्या एका पेशीवंशाचे मूळ १९६२ साली आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून घेतलेल्या पेशींत आहे. आजही त्याच पेशी वाढवल्या जातात. जनावराचा वापर घटला आणि माणसाचे औषध सुधारले, दोन्ही एकदमच घडले.

गोव्याने तर पुढचे पाऊल टाकले. २०१४ पासून मिशन रेबीज ही संस्था आणि राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने गावोगाव फिरून कुत्र्यांनाच लस टोचली. जाळी घेऊन पकडणारे, मोबाइलवर नोंद ठेवणारे, पिसाळलेल्या कुत्र्याचा निरोप मिळताच धावणारे लोक तयार झाले. २०१८ पासून पुढची काही वर्षे राज्यात माणसाचा रेबीजने मृत्यू नोंदला गेला नाही, आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. पेडणे-डिचोलीसारख्या सीमेवरच्या भागात हे टिकवणे अवघड आहे, कारण कुत्र्याला राज्याची हद्द कळत नाही. तरी जनावराला निरोगी ठेवून माणूस वाचवता येतो, याचा इतका जवळचा दाखला दुसरा नाही.

माकडतापाची कथा अजून अर्धवट आहे. १९५७ साली शिमोग्याजवळच्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि मागोमाग माणसे तापाने आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, तो विषाणू वेगळा काढला. तो काढला गेला उंदरांच्या नवजात पिल्लांत वाढवून. गोचिडीतून तो पसरतो हेही तिथेच कळले. रशियातल्या एका विषाणूचे याच्याशी जवळचे नाते दिसले म्हणून तिकडची लस इथे देऊन पाहिली. ती चालली नाही. व्हितल ब्राझीलचा धडा पुन्हा एकदा. पुढे कोंबडीच्या भ्रूणपेशींवर इथलीच लस झाली, ती दशकानुदशके वापरात राहिली आणि तिचा जोर पुरेसा नाही म्हणून कर्नाटकाने २०२२ साली ती थांबवली.

तोवर हा ताप उत्तरेकडे सरकत आला होता. २०१५ साली सत्तरीत पाली गावी, २०१६ पासून दोडामार्गात, मग बांद्याच्या परिसरात. बोंडू वेचायला आलेले बेळगावकडचे मजूर तो ताप घेऊन घरी गेले. लाटंबार्से, इब्रामपूर, हणखणे इथून ती गावे काही लांब नाहीत. नवी लस तयार करण्याचे काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) हाती घेतले आहे. अशी लस माणसाला देण्याआधी प्राण्यांना, बहुधा माकडांनाही, द्यावी लागते. मला त्यात क्रूर विसंगती दिसते, कारण या रोगात माकड आपल्याआधी मरते आणि त्याच्या मरणानेच आपल्याला सावधगिरीचा निरोप मिळतो. तरी इथे मी प्रयोगाच्या बाजूने आहे. गोचीड, ताप येणारा माणूस, झाडाखाली मेलेले माकड असे या रोगाचे सगळे धागे जिवंत शरीरात गुंतलेले आहेत, आणि पेशींच्या थाळीत ते अजून उलगडत नाहीत. असे आधीही झाले आहे. २०२० साली कोविडवरच्या कोव्हॅक्सिनची परीक्षा पुण्यात २० माकडांवर झाली, तीही टाळेबंदीत नागपूरकडच्या रानातून आणून. ती माकडे कुणाच्या स्मरणात नाहीत.

प्राण्याचे उत्तर माणसाला नेहमी लागू पडते असे मुळीच नाही. २००६ साली लंडनमध्ये टीजीएन १४१२ नावाचे औषध सहा निरोगी स्वयंसेवकांना दिले. माकडांनी त्याच्या ५०० पट डोस सहन केला होता, पण या सहाही जणांची प्रकृती तासा-दीड तासात बिघडू लागली आणि पुढे सगळ्यांना अतिदक्षता विभागात न्यावे लागले. थॅलिडोमाइडची गर्भावरची परीक्षा बाजारात येण्यापूर्वी नीट झाली नव्हती, आणि नंतर केली तेव्हा उंदीरवर्गीय प्राण्यांनी ते बऱ्यापैकी पचवले, सशांची पिल्ले मात्र व्यंग घेऊन जन्मली. कोणते जनावर, कोणता प्रश्न, हे ठरवणे हेच अर्धे शास्त्र आहे.

कायदा आपल्याकडे आहे. १९६०चा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम प्रयोगांना मुभा देतो आणि त्यांवर देखरेखीसाठी समिती नेमतो. १९९८च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत नीतिसमिती बंधनकारक केली. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणिचाचण्या २०१४ साली बंद झाल्या, ते योग्यच झाले, कारण लिपस्टिकसाठी सशाचे डोळे जाळण्याचे समर्थन कोणीच करू शकत नाही. २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशींवरच्या आणि संगणकावरच्या पद्धतींना जागा मिळाली. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ साली पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा अशी त्रिसूत्री सांगितली होती. कागदावर ती सर्वांनी स्वीकारली आहे. पेडण्यातच धारगळला डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्था सुरू झाली. वनस्पतीचे औषध म्हणजे निर्धोक हा समज आपल्याकडे घट्ट आहे. पण पारा आणि इतर धातूंची भस्मे माणसाच्या मूत्रपिंडाला काय करतात, हे माणसाला देण्याआधी कुठेतरी तपासावेच लागेल. तेव्हा हा विषय आता तालुक्याच्या दारात आलेला आहे.

आपल्या गावांत राखणदार देवाला कोंबडा देण्याची रीत आहे. ती कुणाला पटो न पटो, पण देणारा माणूस तिथे उभा असतो, कोणासाठी आणि कशासाठी हे त्याला ठाऊक असते, आणि कोंबडा त्याच्याच खुराड्यातला असतो. कुपी देताना तसे काही होत नाही. ज्याच्यासाठी दिले तो, ज्याने दिले तो आणि ज्याचे घेतले तो, तिघेही एकमेकांना अनोळखी. या पुस्तकाची पुढची पाने वाचताना ही ओळख थोडी तरी व्हावी, असे मला मनापासून वाटते.

काही गोष्टी मात्र पुस्तक वाचून संपण्याची वाट न पाहता करता येतील. आरोग्य केंद्रात आलेल्या प्रत्येक दंशाची नोंद सापाच्या ओळखीसह व्हावी. साप मारून आणण्याऐवजी शक्य असेल तर लांबून काढलेला त्याचा फोटो सर्पमित्राकडून ओळखून घ्यावा, आणि रुग्णाला मात्र तेवढ्यासाठी थांबवू नये. वनखात्याने रीतसर परवानगी देऊन गोवा-सिंधुदुर्गातल्या सापांचे विष गोळा करू द्यावे आणि ते रक्तरस बनवणाऱ्यांच्या घोड्यांपर्यंत पोचवावे. हम्प-नोज्ड पिट व्हायपरवर वेगळा रक्तरस हवा. २०२४ साली केंद्राने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला आहे, तेव्हा ही मागणी करण्याची वेळ हीच आहे. त्याच वर्षी सुनगर यांच्या प्रयोगशाळेने परदेशी सहकाऱ्यांबरोबर मानवी प्रतिद्रव्य कृत्रिमरीत्या घडवून नागासारख्या सापांच्या विषावर उंदरांमध्ये यशस्वीपणे वापरून दाखवले. अशा औषधाला घोडा लागणार नाही. उंदीर मात्र अजून काही काळ लागेल, आणि त्याला टोचायचे विष या मातीतल्या सापाचे असले पाहिजे.